खंडेनवमीची रायफल

सुहासिनीला त्या माणसाचा पहिल्या दिवसापासून संशय होता. बंदुका विकणाऱ्याने इतकं गोड हसू नये, एवढंच तिचं म्हणणं.

केसलर त्याचं नाव. सप्टेंबरात ब्रॅडिश गावच्या पोलिसांच्या कुटुंबांची पिकनिक झाली, तेव्हा हा गृहस्थ स्वतःच्या खर्चाने मक्याची कणसं भाजत उभा होता. बायकांना चॉकलेटचे डबे, पोरांना टोप्या. पोलीसप्रमुखाच्या पाठीवर थाप मारून तो त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारत होता. सुहासिनीने कणीस घेतलं, पण चॉकलेटचा डबा तसाच टेबलावर ठेवून दिला.

"अगं, घ्यायचा की," तिचा नवरा गुरुदत्त गाडीत बसताना म्हणाला.

"कशाबद्दल घ्यायचा? आपल्या शैलूकडून काहीतरी हवंय त्याला."

गुरुदत्त हसला, पण नाही म्हणाला नाही. जवळच्या नोव्हाय शहरातल्या एका कारखान्यात मोटारीचे सुटे भाग तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. पुरवठादार जेवायला बोलावतो त्या दिवशी माल दुप्पट बारकाईने बघायचा, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

त्यांचा मुलगा शैलेंद्र ब्रॅडिशच्या पोलिसांत लागून आठ महिने झाले होते. ओळखीच्या साऱ्या मराठी घरांतली पोरं डॉक्टर नाहीतर इंजिनियर व्हायच्या वाटेवर, आणि हा पोलीस. दीपाकाकूंनी तर तोंडावर विचारलं होतं, "ॲडमिशन नाही का मिळाली कुठे?" सुहासिनीने तो घोट गिळला. वर्षभर नोकरी कच्ची होती. त्या वर्षात काही कमीजास्त झालं, तर कारण न देता काढून टाकता येत होतं. उरलेले चार महिने नीट जावेत, यापलीकडे तिने देवाकडे काही मागितलं नव्हतं.

त्यात हे रायफलीचं प्रकरण आलं. मागल्या हिवाळ्यात हायवेलगतच्या बँकेवर दरोडा पडला होता. दरोडेखोरांच्या हातात रायफली, आणि गावच्या पोलिसांकडे कमरेची रिव्हॉल्व्हरं अन् गाडीतली शॉटगन. एका पोलिसाच्या मांडीतून गोळी आरपार गेली. तेव्हापासून गस्तीच्या प्रत्येक गाडीत एक रायफल हवी असं ठरलं. कोणती, यावर महिने गेले. शेवटी दोन उरल्या. एक केसलरची, चकचकीत लाकडी दस्त्याची. दुसरी ओहायोतल्या एका अबोल माणसाची, काळी, दिसायला अगदीच दरिद्री.

निवड करायचं काम सार्जंट बर्ककडे होतं. बर्क म्हणजे तिरसट, पोटावर पट्टा न टिकणारा म्हातारा. त्याची पद्धत अशी, की बंदूक दुकानात बघायची नाही, वापरून बघायची. त्याने सगळ्यांत धिप्पाड पोलीस निवडला, हॉलिस, आणि सगळ्यांत बुटका, आपला शैलेंद्र. हॉलिसकडे केसलरची रायफल, शैलेंद्रकडे काळी. महिनाभर डिकीत घालून खड्ड्यांतून, पावसातून फिरवायची. ड्यूटी संपली की गाडीत सोडायची नाही, घरी न्यायची. शेवटच्या आठवड्यात तर पुसायचीसुद्धा नाही. मग शनिवारी जशी असेल तशी मैदानावर आणून चालवायची. तेल पाजून आणलेली बंदूक कुणाचीही चालते, असं बर्कचं म्हणणं.

शैलेंद्रला काळी आवडली होती. "आई, ती दिसते घाण, पण खांद्याला लागते ना, बस्स. दुसरी माझ्या खांद्याला बसतच नाही. पण चीफला तीच हवीय."

"तुला कसं कळलं?"

"सगळ्यांना माहितीय. डिसाइड झालंय ऑलरेडी. टेस्ट वगैरे नाटक आहे, यार."

"आईला यार म्हणू नये," गुरुदत्त पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, खंडेनवमी बुधवारी आली. सुहासिनीने नेहमीप्रमाणे जेवणघरातल्या टेबलावर लाल कापड घातलं. त्यावर गुरुदत्तचा मापं घ्यायचा कॅलिपर, पान्हे, तिचं शिवणाचं मशीन, विळी, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या. झेंडू मिळाला नव्हता म्हणून दारची पिवळी शेवंती. दुसऱ्या दिवशी सोनं म्हणून वाटायला मेपलची लाल पानं धुऊन ठेवली होती.

शैलेंद्र ड्यूटीवरून आला. रायफलीची पेटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून त्याने उघडली. घरात आणली की रिकामी आहे ना ते आधी बघायचं, हा त्याचा नेम. गोळ्यांची पेटी वेगळी होतीच. त्याने बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा लोखंडी दट्ट्या, मागे ओढून अडकवला. बाजूची छोटी खिडकी उघडी झाली, त्यातून आत डोकावलं, बोट घालून पाहिलं.

"शैलू, तेवढं कुंकू लावू दे रे. आज शस्त्राचा दिवस आहे."

"आई, नो. टेस्टची आहे ती. प्लीज, डोन्ट टच इट."

"बाबांच्या पान्ह्याला लावते, तुझ्या ह्याला नको?"

"पान्हा वेगळा, आई!"

तेवढ्यात आतला फोन वाजला. बर्कचा होता. शैलेंद्र आत गेला आणि लवकर आला नाही.

सुहासिनी हातात ताम्हन घेऊन उभी होती. पोराच्या जिवाचा सांगाती तो, रात्रंदिवस त्याच्या पाठीशी असणारा, आणि घरातल्या विळीला मिळतो तो मान त्याला नाही? तिने हळद-कुंकवाचं बोट काळ्या दस्त्याला टेकवलं. चिमूटभर अक्षता वाहिल्या. हात जोडले, 'माझ्या लेकाला दगा देऊ नकोस' एवढं म्हणाली. मग पदराने कुंकू पुसून टाकलं, दिसले ते तांदूळ वेचले आणि विळीपाशी जाऊन उभी राहिली. शैलेंद्र आला, बोल्ट पुढे सोडला, पेटी बंद केली. त्याला काहीही दिसलं नाही.

शनिवारी दुपारी तो घरी आला तो दार आपटूनच.

"जॅम झाली. माझी. चौथ्या गोळीला. बर्कने खटपट केली, हॉलिसने केली, हललीच नाही. केसलरची मात्र शेवटपर्यंत चालली."

"अशी कशी अडकली?" गुरुदत्तने विचारलं.

"अडकली नाही बाबा, अडकवली. सकाळी रायफली स्टँडवर होत्या. मी कॉफी आणायला गेलो. परत आलो तर केसलर तिथेच उभा होता. स्माइल करत होता."

"तरी मी म्हणत होते," सुहासिनीच्या तोंडून निघून गेलं, आणि पुढच्याच क्षणी तिला ती अक्षतांची चिमूट आठवली.

"आता बर्कने ती तशीच पेटीत घालून सील केलीय," शैलेंद्र सांगत होता. "सोमवारी दोन्ही विकणाऱ्यांसमोर उघडणार. त्याच्याआधी मी चीफकडे कम्प्लेंट देणार आहे. रायटिंगमध्ये. केसलरने टॅम्पर केली म्हणून."

"पुरावा?"

"मी पाहिलंय ना त्याला तिथे!"

"तक्रार खोटी ठरली तर?" सुहासिनीने विचारलं.

"मग मला काढतील. सिंपल. पण खोटी ठरणार कशी?"

गुरुदत्त काही वेळ नखाने टेबल खरवडत राहिला. "पुरवठादार काय काय करतात ते मी बघितलंय," तो म्हणाला. "दे तक्रार. सोडू नकोस."

सुहासिनीने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या झटक्यात हो म्हणणारा हा माणूस नव्हता. नवा टोस्टर घ्यायचा तर महिनाभर विचार करणारा हा. तिला ते चमत्कारिक वाटलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. ती खिडकी उघडी होती का त्या वेळी? होती. मग तांदूळ वेचले ते सगळे होते का?

रविवारभर ती स्वतःची समजूत घालत राहिली. एवढासा तांदूळ, आणि लोखंडाचं एवढं धूड. नसेलच. केसलरच असेल. गोड हसणारा, चॉकलेट वाटणारा, तोच. त्याने केलं असलं तर बरं, असं तिच्या मनात आलं आणि तिलाच आपली लाज वाटली. टेबलाखालच्या गालिच्यावर तिने हात फिरवून पाहिला. विळीच्या बाजूला एकही दाणा नव्हता. पेटी ठेवली होती त्या टोकाला मात्र दोन लालसर दाणे हाताला लागले.

शैलेंद्र आतल्या खोलीत बसून तक्रार लिहीत होता. मध्येच बाहेर येऊन "टॅम्पर बरोबर की सॅबोटाज?" असं बापाला विचारून गेला. बापाने शब्दही सुचवला.

सुहासिनी ते दोन दाणे तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेली. गुरुदत्त पाठोपाठ आला. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, आणि तिने त्याच्याकडे. त्याला काहीच विचारावं लागलं नाही, यावरून तिला सगळं उमगलं.

"तुम्ही बघितलं होतंत."

"जिन्यात होतो मी त्या वेळी."

"आणि तरी पोराला म्हणता तक्रार दे?"

"हळू बोल." त्याने दार लोटलं. "तू सांगितलंस तर काय होईल? टेस्टची रायफल याने घरात उघडी टाकली, आईने तिच्यावर पूजा घातली. कच्च्या नोकरीतला पोरगा, त्यात आपला. एका दिवसात घालवतील. आणि वर आयुष्यभर हसतील."

"आणि नाही सांगितलं तर? ती उघडतील तेव्हा तांदूळ दिसणार नाही?"

"दिसेल. मग काय? तांदूळ कुणाच्या घरी नसतो? केसलरच्या घरी नाही?"

"कुंकवातला नसतो," सुहासिनी म्हणाली.

इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालातला दोष शोधणारा हा माणूस आपल्या घरातला दोष दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला निघाला होता, आणि तेही पोराच्या हाताने. त्याला दुष्ट म्हणावं तर तसा तो नव्हता. भ्यायला होता, बस्स. तीही भ्यायली होती. पण केसलर हसतो म्हणून त्याने न केलेल्या गोष्टीची शिक्षा त्याला द्यावी, हे तिच्या गळी उतरेना. आणि त्याहून मोठी धास्ती अशी, की तो लाल दाणा बाहेर निघाला की शैलू ओळखेल. जन्मापासून दर सणाला पाहिलाय त्याने. सगळ्यांसमोर, हातात तक्रार घेऊन उभा असताना ओळखेल. मग तो घरच्यांवर पुन्हा कधी विश्वास ठेवेल?

सोमवारी सकाळी शैलेंद्र युनिफॉर्म घालून चहाला बसला. लिफाफा कपाजवळ होता. सुहासिनीने त्या लिफाफ्यावर दोन दाणे ठेवले.

"हे काय?"

"त्या दिवशी तू फोनवर होतास. तुझ्या रायफलीवर अक्षता वाहिल्या मी. खिडकी उघडी होती."

शैलेंद्र दाण्यांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानांपर्यंत लाल झाला. "आय टोल्ड यू. आय टोल्ड यू नॉट टु टच इट!"

"सांगितलं होतंस."

"बाबा, हे माहीत होतं तुम्हाला?"

गुरुदत्तने चहाचा कप दूर सारला. तेच उत्तर झालं. शैलेंद्र उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. पुष्कळ वेळ इंग्रजीत बोलला. त्यातलं सगळं सुहासिनीला कळलं नाही, आणि कळलं ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी त्याने लिफाफा उचलून दोन तुकडे केले.

"मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

"काय करणार येऊन?"

"हात माझा होता. मीच सांगते."

तिने ताम्हन, हळद-कुंकवाची कोयरी आणि अक्षतांची वाटी पिशवीत घातली. गुरुदत्तने कोट चढवला आणि गाडी काढली.

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला केसलर, एका बाजूला ओहायोचा अबोल माणूस, मध्ये बर्क, आणि भिंतीला टेकून हॉलिस. साडीवर कोट घातलेली बाई पिशवी घेऊन आत आली तेव्हा केसलर हसला. "लंच आणलंय का?"

सुहासिनीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने टेबलावर ताम्हन मांडलं आणि बर्कला तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. वर्षातून एकदा आम्ही हत्यारांना नमस्कार करतो, मुलाने नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. चिमूट कशी धरतात, कशी सोडतात, तेही करून दाखवलं.

बर्कने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो विश्वास ठेवतोय की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पोराला वाचवायला आईने रचलेली गोष्ट, असंही त्याला वाटत असेल. मग त्याने सील तोडलं. रायफलीचे दोन भाग केले, चिमट्याने आत चाचपलं. चापाजवळच्या कळीखालून एक दाणा निघाला. अर्धा चेपलेला, पण लाल. त्याने तो पांढऱ्या कागदावर ठेवला आणि तिच्या वाटीतला एक दाणा शेजारी ठेवला.

शैलेंद्र समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभा होता.

"झालं तर मग," केसलर हात चोळत म्हणाला. "तांदळाच्या दाण्याने बंद पडणारी बंदूक. बाईंचे आभारच मानायला हवेत. लवकर कळलं."

बर्कने मान डोलावली. मग सुहासिनीला विचारलं, "मॅडम, किती टाकले होतेत?"

"एवढेच." तिने चिमूट दाखवली.

"मग तेवढेच याच्या रायफलीतही टाका."

केसलरचं हसू जागच्या जागी गोठलं. "हे नियमात नाही."

"नियमात नाही ते एकीला झालं. दुसरीला का नको?"

"सार्जंट, ही लाकडी दस्त्याची उत्तम वस्तू आहे, तिच्यात धान्य..."

"का? हिला तांदूळ आवडत नाही?" बर्क म्हणाला. भिंतीपाशी हॉलिस खो खो हसला. केसलर कुंकवाइतका लाल झाला. चीफला फोन करतो म्हणाला, केलाही, पण चीफ जागेवर नव्हता.

सगळे मैदानावर गेले. गार वारा सुटला होता. बर्कने दोन्ही रायफली साफ केल्या, बोल्ट मागे ओढून ठेवल्या. सुहासिनी पुढे झाली. केसलरच्या रायफलीवर चिमूट सोडताना तिचा हात क्षणभर थांबला. दोन दाणे जास्त टाकले तर कुणाला कळणार होतं? गुरुदत्त तिच्या बोटांकडेच बघत होता. तिने चिमूट सैल केली आणि दोघींना सारखाच मान दिला.

काळी पाचव्या गोळीला अडकली. केसलरची तिसऱ्या.

बर्कने शनिवारचा निकाल रद्द केला. पुन्हा साफ करून, पुन्हा गोळ्या मोजून दोन्ही चालवल्या. काळी कुठेही अडली नाही. लाकडी दस्त्याची दोनदा रुसली. शैलेंद्रने आणि हॉलिसने दोघांनीही काळीलाच जास्त गुण दिले.

परत निघताना बर्कने शैलेंद्रला बाजूला घेतलं. सुहासिनीचा जीव कानांत आला. "टेस्टची बंदूक उघडी टाकून फोनवर गेलास, त्याबद्दल ताकीद मिळेल. लेखी. रेकॉर्डला राहील," बर्क म्हणाला. "आणि तुझ्या आईने सांगितलं नसतं, अन् तो लाल दाणा मला आधी सापडला असता, तर आज तुझा बिल्ला माझ्या खिशात असता. जा, कामाला लाग."

गाडीत मागे बसलेली सुहासिनी डोळे पुसत होती. शैलेंद्र खिडकीपाशी वाकला. बापाशी तो बोलला नाही, पुढे कितीतरी दिवस बोलला नाही. तिला मात्र म्हणाला, "घरी जाऊन जेव काहीतरी. कालपासून उपाशी आहेस."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पंधरा दिवसांनी गावाने रायफली विकत घेतल्या, त्या केसलरच्या. गुण काळीला, ऑर्डर लाकडीला. का, ते कुणी सांगितलं नाही. बर्कने विचारलं, तर बजेटचं काहीतरी सांगितलं. नोव्हेंबरात चीफ हरणाच्या शिकारीला गेला, आणि ज्या केबिनीत उतरला ती कुणाची, याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलत. खरंखोटं देव जाणे.

फेब्रुवारीत शैलेंद्रची नोकरी पक्की झाली.

पुढल्या वर्षी खंडेनवमीला तो ड्यूटीवरून आला, पेटी टेबलावर ठेवली आणि स्वतःच म्हणाला, "आई, ताम्हन आण." लाकडी दस्ता दिव्याच्या उजेडात चमकत होता. त्याने आधी आत पाहिलं, बोट घातलं, मग बोल्ट पुढे सोडून खिडकी बंद केली. गुरुदत्त दारात उभा होता. शैलेंद्रने त्याला हाताने जवळ बोलावलं.

सुहासिनीने कुंकवाचं बोट लावलं. अक्षतांची चिमूट उचलली आणि थबकली.

"त्या केसलरचीच ना ही?"

"हो."

"खिडकी नीट बंद केलीस?"

"केली, आई."

"तुझ्यावर विश्वास आहे रे," ती म्हणाली. "हिच्यावर नाही." आणि चिमूट पुन्हा वाटीत सोडून तिने नुसते हात जोडले.